यंत्राची झीज की कंपनीचा हुकूम?

बंगळूरच्या चिकपेटलगत एस. पी. रोडवर संगणकांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. तेथील दुरुस्तीच्या टेबलावर अलीकडे येणारे कित्येक संगणक मुळी नादुरुस्त नसतात. पडदा उजळतो, हिशेब जुळतात. तरीही यंत्र ‘किमान आवश्यकता’ पूर्ण करीत नाही म्हणून अपात्र ठरते. आवश्यकता कोणाची, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

मायक्रोसॉफ्टने ५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ आणताना टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि मान्य प्रोसेसरांची यादी सक्तीची केली. इंटेलपुरती ही यादी मुख्यतः २०१७ साली आलेल्या आठव्या पिढीपासून सुरू होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधारही संपला.

मार्क्सने ‘भांडवल’मध्ये यंत्राची दोन प्रकारची झीज सांगितली आहे : एक भौतिक, दुसरी स्वस्त वा सरस यंत्र आल्याने होणारी ‘नैतिक’ झीज. चिकपेटच्या कापड दुकानात पावत्या काढणाऱ्या संगणकाला यांपैकी कोणतीच बाधा झालेली नाही. नव्या यंत्रावर त्याच पावत्या काही अधिक बिनचूक निघणार नाहीत. ही तिसरी झीज आहे, हुकमी झीज!

कंपनीचे समर्थक सुरक्षिततेचा मुद्दा पुढे करतात. तो निराधार नाही. जुनी प्रणाली अनंतकाळ सांभाळा, असेही कोणी म्हणत नाही. परंतु याच कंपनीने विंडोज १०साठी सुरक्षा-दुरुस्त्या पुढेही देऊ केल्या. व्यक्तीला एका वर्षाचे ३० डॉलर, अथवा आपल्या संगणकाची मांडणी कंपनीच्या खात्यात साठवण्याची अट. संस्थांना पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. युरोपात ग्राहक संघटनांनी दबाव आणताच तेथील व्यक्तींसाठी अटी सैल झाल्या. म्हणजेच जुने यंत्र या दुरुस्त्या पेलू शकते. अडसर तंत्राचा नसून नफ्याचा आहे.

केरळच्या सरकारी व अनुदानित शाळांत ‘काइट’ या सरकारी संस्थेची लिनक्सवर आधारलेली प्रणाली वापरली जाते. हा मार्ग अनुकरणीय आहे. मात्र ज्याचे हिशेबाचे सॉफ्टवेअरच विंडोजशी जखडलेले आहे, त्या छोट्या दुकानदाराला ‘प्रणाली बदला’ एवढा उपदेश पुरणार नाही. तेथे कायदाच हवा.

आपले २०२२चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत. ते यंत्राच्या उत्पादकावर जबाबदारी टाकतात. चालू यंत्राला कचऱ्याची वाट दाखविणाऱ्या सॉफ्टवेअर कंपनीला मात्र मोकळे सोडतात. नफा तिचा, नव्या यंत्राचा खर्च दुकानदाराचा, आणि शिसे व विषारी धूर भंगार फोडणाऱ्या मजुराच्या वाट्याला!

म्हणून मागणी स्पष्ट असावी : यंत्र विकले गेल्यापासून किमान दहा वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या विनामूल्य मिळाल्या पाहिजेत, आणि सरकारी कचेऱ्या व शाळांनी मुक्त प्रणाली स्वीकारली पाहिजे. यंत्र केव्हा निवृत्त व्हावे, हे ते वापरणाऱ्याने ठरवावे, विकणाऱ्याने नव्हे.