चेस्टनटखालची शिदोरी



उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात चहाच्या टेबलाशी एकच चौकशी सुरू होते, "यंदा कुठे?" आणि उत्तर "युरोप" आलं की लगेच दुसरी, "पण खाण्याचं काय?" चर्च किती उंच, राजवाडा कोणाचा, हे कोणी विचारत नाही. आधी पोट कसं भरलंत ते सांगा! यात हसण्यासारखं काही नाही. ज्या घरात आजी शाकाहारी, नातवंडं सर्वभक्षी आणि मधली पिढी 'सोमवार सोडून सगळं' या पंथाची, त्या घरात सहलीचा नकाशा पोटापासूनच आखावा लागतो. सगळ्यांनी एका टेबलाशी बसून जेवावं, ही एवढीशी गोष्ट परमुलखात सगळ्यांत अवघड होऊन बसते. म्हणून यावेळी या सदरात जर्मनी, आणि तीही पानावरून पाहिलेली.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही पाच जण सोळा दिवस तिथे हिंडलो. आम्ही उभयतां, कॉलेजच्या उंबरठ्यावरचे चिरंजीव, शाळेत तीन वर्षं जर्मन शिकलेली पंधरा वर्षांची कन्या, आणि शहात्तर वर्षांची आई. आई मांस-मासे खात नाही, अंडंही नाही. (केकमधलं अंडं 'दिसत नाही', म्हणून ते चालतं. या कायद्यातल्या पळवाटा तिच्या तिलाच ठाऊक!) तिच्या गोळ्या जेवणाच्या वेळांना बांधलेल्या. तेव्हा तिचं जेवण हा लाडाचा नव्हे, प्रकृतीचा प्रश्न होता.

महाराष्ट्रातून निघणाऱ्या मोठ्या सहलींबरोबर पुष्कळदा स्वयंपाकी असतात, रात्री वरणभात मिळतो. सोय उत्तमच. पण मुलं म्हणाली, "वरणभात घरी मिळतोच की." मग आम्ही मधला मार्ग काढला. हॉटेलाऐवजी 'फेरीएनवोनुंग' घ्यायचं, म्हणजे सुट्टीपुरतं भाड्याचं, चूल-भांड्यांसकट सजवलेलं घर. सकाळचं आणि रात्रीचं तिथे, दुपारचं जिथे असू तिथे.

बरोबर काय न्यावं, तेही सांगून टाकतो. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आत आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, बर्फी घरीच ठेवा. आम्ही नेलं ते शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजणी आणि चिवडा. बाकीचं सगळं तिथल्या साध्या वाणसामानाच्या दुकानात मिळालं. 'बुटरश्माल्त्स' लिहिलेला डबा उघडलात तर आत चक्क तूप निघतं, कढवलेलं लोणी. 'क्वार्क' म्हणजे जवळजवळ आपला चक्का, फडक्यात टांगून ठेवायची खटपट नाही. चाळीस टक्केवाला जाड क्वार्क, पिठीसाखर, वेलदोडा आणि केशर घातलं की अर्ध्या तासात श्रीखंड तयार. जर्मनीतल्या मराठी घरांमधून ही युक्ती जुनीच आहे.

पिठाची गंमत वेगळी. गव्हाच्या पिठाच्या पुड्यांवर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. शंभर ग्रॅम पीठ जाळलं तर किती मिलिग्रॅम राख, म्हणजे क्षार, उरतात त्याचा तो आकडा. ४०५ केकचं, ५५० पावाचं आणि १०५० कोंड्याकडे झुकणारं. आईने १०५० मध्ये थोडं अख्ख्या गव्हाचं पीठ मिसळून पहिल्याच सकाळी पोळ्या लाटल्या. लाटणं नव्हतं, बाटली होती. "राख मोजतात, पण पीठ चांगलं दळतात," असा तिचा अभिप्राय पडला.

पहिले चार दिवस मुक्काम माइन्झला होता. तिथून ऱ्हाईन नदीची सफर केली. बिंगेनपासून कोब्लेन्झपर्यंतचं हे खोरं २००२ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. दोन्ही काठांवर द्राक्षमळे, टेकडीटेकडीवर गढ्या, आणि मधेच लोरेलाय नावाचा १३२ मीटर उंचीचा खडक. त्यावर बसून केस विंचरणारी सुंदरी नावाड्यांना भुलवते आणि नावा फुटतात, अशी दंतकथा.

नेमकं तिथेच आमचंही तारू खडकावर आपटलं. दुपारचा एक वाजला, आईच्या गोळीची वेळ झाली, आणि तिने पिशवीतून डबा काढला. पोळीभाजीचा वास पसरतो न पसरतो तोच वेटर आला आणि पाटीकडे बोट दाखवून गेला. बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत. तो नियमाने वागला, उद्धटपणे बोलला नाही. पण आजूबाजूच्या माना वळल्या. कन्या लाल झाली आणि उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. आईने एक शब्द न बोलता डबा बंद केला. बोटीवर तिच्याजोगतं काय होतं, तर तळलेले बटाटे. तेच खाऊन तिने गोळी घेतली. रात्री भांडी विसळताना म्हणाली, "पुढच्या खेपेला तुम्ही चौघं जा. मी घर सांभाळीन."

मंडळी, आपल्या घरांमधून हे वाक्य किती वेळा येतं! ते रागाचं नसतं, हे जास्त वाईट. आपल्यामुळे मुलांचा खोळंबा होतो, आपलं खाणं त्यांना चारचौघांत लपवावंसं वाटतं, असं एकदा मनात बसलं की म्हातारी माणसं हळूच एकेका सहलीतून स्वतःचं नाव काढून घेतात. आणि मुलांनाही दोष कसा द्यावा? शाळेतल्या जेवणाच्या सुट्टीत डबा उघडताना इकडेतिकडे बघायला ती इथेच शिकली आहेत.

माइन्झहून आम्ही हायडेलबर्गला गेलो. फ्रेंच सैन्याने १६८९ आणि १६९३ साली फोडलेला किल्ला टेकडीवर तसाच अर्धा उभा आहे. तळघरात १७५१ सालचं लाकडी पिंप आहे, सुमारे दोन लाख वीस हजार लिटरचं. द्राक्षाच्या दारूचं ते पिंप पाहून आई म्हणाली, "एवढं ताक केलं असतं तर पंढरपूरची सगळी वारी जेवली असती." हायडेलबर्गचं विद्यापीठ १३८६ सालचं, आणि तिथल्या दक्षिण आशिया संस्थेत आपला खंडोबा आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. तिथले प्राध्यापक गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) यांनी महाराष्ट्रात धनगरांमध्ये हिंडून खंडोबा, बिरोबा आणि म्हस्कोबा यांचा आयुष्यभर अभ्यास केला. हे सांगितल्यावर आई बराच वेळ गप्प होती. मग कन्येला म्हणाली, "बघ, त्याला नाही लाज वाटली आपल्याकडे घोंगडीवर बसायची." कन्येने ऐकलं आणि किल्ल्याचा फोटो काढू लागली.

पुढे श्टुटगार्ट. मुंबईचं हे १९६८ पासूनचं भगिनीशहर. आणि मादाम कामांनी २२ ऑगस्ट १९०७ रोजी आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत हिंदुस्थानचा झेंडा फडकवला तो इथेच. तो झेंडा आज पुण्यात केसरीवाड्यात आहे. मुलांना मोटारींचं संग्रहालय बघायचं होतं, तेही झालं.

श्टुटगार्टचा हा श्वाबन प्रांत खाण्याच्या बाबतीत मोठा मिश्कील. 'माउलटाशेन' म्हणजे पिठाच्या चौकोनी पारीत मांसाचं सारण. उपासाच्या दिवसांत देवाला दिसू नये म्हणून माउलब्रॉनच्या मठातल्या साधूंनी मांस पिठात लपवलं, अशी कथा तिथे सांगतात. गमतीचं नावसुद्धा आहे, अर्थ 'देवबाप्पाला फसवणारे'. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणणाऱ्या आपल्या लोकांना हे साधू परके कसे वाटणार! चिरंजीवांनी दोन बश्या संपवल्या. शाकाहारी माउलटाशेनही मिळतात, पण पिठात अंडं असतं.

शाकाहारी वाचकांनी इथे जपून राहावं. बटाट्याचं सॅलड निष्पाप दिसतं, पण या भागात त्यात पुष्कळदा मांसाचं पाणी घालतात. मसुरीची आमटी म्हणून मागवाल तर ती डुकराच्या चरबीच्या तुकड्यांवर शिजलेली असू शकते. चार शब्द पाठ करा : ओने फ्लाइश, ओने फिश, ओने श्पेक, ओने आय. म्हणजे मांस, मासे, चरबी आणि अंडं नको. आमच्याकडे हे काम कन्येकडे होतं. आधी ती पुटपुटत विचारायची. श्टुटगार्टच्या तिसऱ्या खानावळीत मात्र ती आपणहून आत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन आली आणि म्हणाली, "आजी, आमटीत श्पेक आहे. तू लोण्याचं ब्रेत्सेल घे." ब्रेत्सेल म्हणजे तो वेटोळ्याचा खारा पाव. आईने तो मिटक्या मारत खाल्ला.

शेवटचा मुक्काम म्युनिक. मारीएनप्लात्सवरच्या घड्याळातल्या बाहुल्या अकराला आणि बाराला नाचतात, त्या पाहून आम्ही इंग्लिश गार्डनमध्ये गेलो. हा बगीचा १७८९ सालचा. त्यात एक लाकडी चिनी मनोरा आहे आणि मनोऱ्याभोवती हजारो माणसं बसतील एवढा बिअरगार्टन. आई म्हणाली, "मी बाहेर बाकावर बसते." तिच्या पिशवीत सकाळच्या दशम्या होत्या. तेवढ्यात चिरंजीवांनी फोनवर वाचून एक गोष्ट सांगितली, ती सगळ्यांनी ऐकण्यासारखी आहे.

बव्हेरियात १५३९ पासून उन्हाळ्यात बिअर बनवायला बंदी होती, आगीच्या भीतीने. म्हणून वसंतात बनवलेली बिअर जमिनीखालच्या तळघरात साठवत. तळघरं थंड राहावीत म्हणून वर खडी पसरत आणि चेस्टनटची दाट सावलीची झाडं लावत. लोक तिथेच सावलीला बसून प्यायला लागले. खानावळवाल्यांनी तक्रार केली की आमचं गिऱ्हाईक बुडालं. मग राजा पहिला माक्सिमिलिआन योसेफ याने ४ जानेवारी १८१२ रोजी निवाडा दिला, की या ठिकाणी बिअर विकावी, पण पावाखेरीज खायला काही विकू नये. झालं! लोक घरून शिदोरी घेऊन यायला लागले, ते आजतागायत. आता तिथे जेवणही विकतात, पण शिदोरीचा हक्क गेलेला नाही. बव्हेरिया सरकारच्या १९९९ च्या नियमातच लिहिलं आहे की आपलं आणलेलं खाणं बसून खाता येणं ही बिअरगार्टनची ओळख आहे. बिअरगार्टन लवकर बंद करायच्या हुकुमाविरुद्ध म्युनिककरांनी १९९५ साली मोर्चासुद्धा काढला होता. पथ्य एवढंच. टेबलक्लॉथ घातलेली टेबलं वेटरकडून मागवणाऱ्यांची, उघडी टेबलं आपली. आणि पिण्याचं मात्र तिथूनच घ्यायचं. बिअरच हवी असं नाही, सफरचंदाचा रस आणि सोडा मिसळलेलं 'आपफेलशोर्ले' आईला फार आवडलं.

टेबलं लांब, बाक सामायिक. आमच्या समोर एक जर्मन आजी-आजोबा येऊन बसले. त्यांनी पिशवीतून चौकड्यांचं फडकं काढून अंथरलं, मग चीज, पाव, घरून आणलेली सुरी आणि एक लांबलचक पांढरा मुळा. आजोबांनी तो मुळा अखंड वेटोळ्यात चिरला आणि मीठ लावून पाणी सुटायला ठेवला. आई बघतच राहिली. "अगं, मुळा!" मग तिनेही डबा उघडला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, थोडं श्रीखंड. समोरच्या आजींनी वाकून काहीतरी विचारलं. कन्या पुढे सरसावली. "आजी, त्या विचारतायत, हा पाव तू केलास का? आणि त्याला काय म्हणतात?"

"सांग, दशमी. दुधात भिजवून करतात, प्रवासात टिकते म्हणून."

ते जर्मनमध्ये सांगताना कन्या दोनदा अडखळली, पण पुरं सांगितलं. मग मुळा इकडे आला, दशमी तिकडे गेली. चटणीने आजोबांना ठसका लागला आणि त्यांनी आणखी मागितली. पाचही जण एका टेबलाशी, एका वेळी, पोटभर जेवलो. सोळा दिवसांत बाहेर असं पहिल्यांदाच घडलं. आईची गोळीही वेळेवर झाली.

आता काही सूचना. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारी सामान भरा. खानावळीत पाणी फुकट मिळेल असं धरू नका, आणि साधं हवं असेल तर 'श्टिल' म्हणा, नाहीतर सोडा येतो. प्लॅस्टिकच्या बाटल्या फेकू नका, बहुतेक बाटल्यांमागे पंचवीस सेंट अनामत असते. दुकानातल्या यंत्रात बाटली घातली की परत मिळते. आमच्या मुलांचं आइसक्रीम त्यावर निघालं. जलद गाड्या सोडून बाकी गाड्यांसाठी मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालेला महिन्याचा पास निघाला आहे. त्याची किंमत नंतर वाढत गेली, तेव्हा निघण्यापूर्वी दर पाहा.

आणि घरात कोणी "पुढच्या खेपेला तुम्ही जा" म्हणणारं असेल, तर सहलीतला निदान एक दिवस असा ठरवा की जिथे त्यांचा डबा उघड्यावर उघडता येईल. पुढच्या उन्हाळ्याची बोलणी आमच्याकडे सुरू झाली आहेत. आईने विचारलं आहे की जिथे जाणार तिथे मुळा मिळतो का.

तुमच्या शिदोरीच्या गोष्टी जरूर लिहून पाठवा. लोभ आहेच, तो वाढावा.