सत्कार झाला, पुढे काय?

वस्तीतली लेक शिक्षिका झाली की बारामती असो वा इंदापूर, आपण बुद्धविहारात तिचा सत्कार करतो. पण शाळेत ती एकटी पडली तर पाठीशी कोण?

शिक्षणसंस्था आपल्या हाती असावी म्हणून बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले.

गावोगाव अशी संस्था निघणार नाही. परंतु २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला; वंचितांनाही प्रमाणात जागा. मायबहिणींनो, एक दिवसाची मजुरी बुडेल, पण बैठकीला जा. आपल्या बाईंना, गुरुजींना समोर आपली माणसे दिसू द्या, एवढेच आमचे कळकळीचे सांगणे. जयभीम!