अभिलेखागारातील धूरशोधक यंत्रणेच्या देखभालीविषयी निवेदन

प्रति,
माननीय संचालक महोदय यांचे सेवेशी,

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे अभिलेखपाल, दप्तरबंद व रात्रपाळीचे पहारेकरी सविनय सादर करतो, की मोडी कागदांचे रुमाल ज्या दालनात ठेवले आहेत, त्याच्या छताखालून हवा ओढून तीत धुराचा अंश शोधणारी यंत्रणा सरकारी खर्चाने बसविली गेली, तेव्हा आम्हांस मनापासून समाधान वाटले होते. कारण घट्ट बांधलेला जुना कागद एकदम पेटत नाही, तो आतल्या आत बराच वेळ धुमसत राहतो, आणि त्याचा विरळ धूर उंच छतावरच्या साध्या डिटेक्टरला जाणवेपर्यंत रुमाल वाचण्याची आशा फारशी उरत नाही. या यंत्रणेचा पंखा मात्र पाइपांच्या दोन-तीन मिलिमीटर व्यासाच्या छिद्रांतून अहोरात्र हवा ओढतो, ती फिल्टरमधून गाळतो आणि लेसर किरणापुढे नेतो, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा धूरही तीत उमटतो.

गेल्या उन्हाळ्यात दालनाचे रंगकाम झाले आणि त्यानंतर चारच दिवसांनी पॅनेलवर हवेचा प्रवाह मंदावल्याचा पिवळा दिवा लागला. कंत्राटदाराचा कारागीर आला. त्याने शिडी मागितली नाही, उभ्याउभ्याच प्रवाहाची मर्यादा सैल केली व दिवा विझविला. त्याच्या पश्चात आम्ही शिडी लावून पाहिले, तो चोवीस छिद्रांपैकी अकरा छिद्रांवर डिस्टेंपरचा पापुद्रा बसलेला होता, आणि पैकी सर्वांत दूरचे छिद्र तर नखाने टोकरूनही मोकळे होईना. पुढे त्याच कारागिराने पाइप यंत्रापासून न सोडविता त्यांत दाबाची हवा मारली; सारी धूळ यंत्राच्या पोटात गेली, खोटे इशारे वाजू लागले, आणि त्यावर इलाज म्हणून संवेदनक्षमता कमी करण्यात आली. प्रवाह घटला तर छिद्र किंवा फिल्टर तुंबला असावा, एकाएकी वाढला तर सांधा निखळला अथवा पाइप फुटला असावा, हे यंत्र स्वतःच सांगत असते. ते ऐकण्याऐवजी त्याचे तोंड बंद करणे ही आमच्या मते गंभीर कसूर आहे.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 अन्वये दर जानेवारी व जुलैमध्ये परवानाधारक संस्थेचा दाखला द्यावा लागतो. तो दाखला आमच्या दप्तरी वेळेवर येतो, आणि यंत्रणा सुस्थितीत असल्याचे त्यात नमूदही असते; परंतु शेवटच्या छिद्रापाशी धूर सोडून तो किती सेकंदांत नोंदला जातो, हे आमच्यासमक्ष एकदाही पाहिले गेलेले नाही. 120 सेकंद ही अशा यंत्रणेची सर्वसाधारण कमाल मर्यादा, आणि उभारणीच्या वेळच्या नोंदीत आकडा 70 सेकंदांचा आहे. 21 जून 2012 रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत माणसे गेली व सरकारी संचिकांची राख झाली, हे आपण जाणताच. आमच्याकडील बहुतेक रुमालांची दुसरी प्रत कोठेही नाही.

सबब आमची मागणी अशी, की प्रवाहाची मर्यादा व संवेदनक्षमता उभारणीच्या वेळच्या आकड्यांवर पूर्ववत आणावी. छिद्रे व पाइप यंत्रापासून सोडवून स्वच्छ करावेत, फिल्टर धुऊन परत न बसविता नवा घालावा, आणि यंत्राच्या पोटातील धूळ उत्पादकाच्या पद्धतीने साफ करवून घ्यावी. कोणतीही मर्यादा बदलण्यापूर्वी अभिलेखपालांची लेखी संमती घ्यावी. रंगकामाच्या वेळी छिद्रे झाकण्याचा व काम संपताच उघडण्याचा बंदोबस्त कंत्राटातच लिहावा. आणि दूरच्या छिद्राची वेळ मोजून ती दर सहामाहीस दाखल्यासोबत जोडण्याची ताकीद द्यावी. यांत विलंब लागणार असेल, तर तोवर रात्री दालनात दर तासाला फेरी घालणारा एक जादा पहारेकरी तरी मंजूर व्हावा. तसेच पावसाळ्यापूर्वी आपण स्वतः एकदा दालनात येऊन ही चाचणी पाहावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे. शिडी, घड्याळ व जुनी नोंदवही घेऊन आम्ही हजर राहू.

कळावे,

आपले नम्र,
अभिलेखागारातील समस्त कर्मचारी