मुलीला घरी बसवण्याला घरशाळा म्हणू नका

आमची १० वर्षांची मुलगी शाळेत जात नाही, घरीच शिकते. नातेवाईक विचारतात, "चार पोरांत मिसळायला शिकणार कधी?" प्रश्न रास्तच आहे. पण ज्यांना तो विचारायला हवा, त्यांना कुणी विचारत नाही.

मी पाहिलेल्या काही घरांत मुलगी १२ वर्षांची झाली की तिची शाळा बंद होते, भावाची चालूच राहते. विचारलं तर म्हणतात, "होमस्कूलिंग करतोय." म्हणजे काय, तर टॅबवर दोन ऑनलाइन क्लास, बाकी दिवस स्वयंपाकघर आणि धाकट्यांची उस्तवार. नाव इंग्रजी दिलं की जुनी गोष्ट नवी वाटते.

वर मालविका जोशीचा दाखला असतोच. दहावी-बारावीच्या सर्टिफिकेटशिवाय ही मुंबईची मुलगी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत पोचली. खरं आहे. पण तिला तिथवर नेलं ते प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमधल्या पदकांनी. त्या स्पर्धेला देशातून चारच मुलं जातात आणि निवडीसाठी शिबिरं असतात. शाळा सुटली, तरी घराबाहेर अनोळखी मुलांत वावरणं तिला चुकलं नाही. दाखला देणारे एवढंच गाळतात.

वडपे म्हणजे मुंबई-नाशिक महामार्ग, गोदामं आणि रात्रंदिवस कंटेनर. मुलीला एकटं सोडायला मलाही भीती वाटते. म्हणून सुरुवातीला मी तिच्या वीस पावलं मागे चालायचो, मग कोपऱ्यावर थांबू लागलो, आता घरीच असतो. महामार्ग ओलांडायची परवानगी अजून नाही. किराण्याची यादी तीच करते, हिशेबही तीच देते. सुटे नाहीत म्हणून दुकानदार चाचांनी एकदा हातावर चॉकलेटं ठेवली. तिने ती परत केली आणि तीन रुपये मागून घेतले. त्या दिवशी आम्ही गणिताला सुट्टी दिली.

रविवारी ती आगरी मुलींबरोबर कबड्डी खेळते. मराठी तिथेच सुधारली, शिव्यांसकट. तिच्या दादींना हे पसंत नाही. पण मोहल्ला आपला, नातेवाईक आपले, क्लासही आपल्याच लोकांचा, मग परक्याशी बोलायला ती शिकणार कुठे? माझ्या कामात कोड लिहिणारे ढिगाने भेटतात. "मला कळलं नाही, समजावून सांगा," असं तोंड उघडून म्हणणारे थोडे. हे टॅबवर येत नाही.

६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिलाय, तो मुलीचा आहे, अब्बूंचा नाही. घरीच शिकवायचं असेल तर एनआयओएसची दहावी १४ व्या वर्षापासून देता येते. फॉर्म भरायचं साल आजच भिंतीवर लिहा आणि परीक्षेच्या केंद्रावर तिला जाता येईल एवढं बाहेर फिरू द्या.

"आमची मुलगी कुठे जात नाही," असं कुणी अभिमानाने सांगितलं, तर एवढंच विचारा: तुमचा मुलगा रात्री किती वाजता घरी येतो?