साय कुठे जाते?

वजन कमी करायला आलेल्या रुग्णाच्या हाती आपण जो आहार-तक्ता देतो, त्यात एक ओळ हमखास असते: 'लो फॅट दूध, १ कप'. मोठ्या शहरातल्या रुग्णासाठी लिहिलेली ही ओळ उमरग्यातही तशीच्या तशी वाटली जाते. रुग्ण तक्ता घेऊन घरी जातो, तर तिथे असते रतिबाचे म्हशीचे सुट्टे दूध, सकाळी मापाने घातलेले. त्यावर ना फॅटचा आकडा, ना कसले नाव. मग तो आपल्या परीने मार्ग काढतो. कुणी दुधात निम्मे पाणी घालतो, कुणी दूधच सोडून देतो, तर कुणी दुकानातून पिशवी आणतो आणि तिच्यावरचे 'टोन्ड' वाचून हे आपल्याला सांगितलेले दूध की दुसरेच, या विचारात पडतो. महिन्याने काटा जागेवरच असतो आणि आपण रुग्णाला पथ्य पाळले नाही म्हणून बोलतो. माझ्या मते यात पथ्याचा दोष कमी आहे आणि तक्त्यातल्या त्या ओळीचा जास्त.

आधी आकडे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या मानकांप्रमाणे फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के फॅट असते, स्टँडर्डाइज्डमध्ये ४.५, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये १.५ आणि स्किम्डमध्ये जास्तीत जास्त ०.५. गायीच्या दुधाला किमान ३.२ टक्के फॅट लागते. पिशवीच्या रंगावर जाण्यात अर्थ नाही, तो कंपनीगणिक बदलतो. दोनशे मिलीच्या पेल्यात फुल क्रीममधून साधारण १२ ग्रॅम मेद पोटात जातो, टोन्डमधून ६ आणि डबल टोन्डमधून ३. मेदाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी धरल्या, तर फुल क्रीम आणि डबल टोन्ड यांत पेल्यामागे ८१ कॅलरींचा फरक पडतो. टोन्ड आणि डबल टोन्ड यांत फक्त २७. ज्याच्या घरी गायीचे साडेतीन फॅटचे दूध आहे, त्याला ते बंद करून टोन्डची पिशवी आणायला लावले, तर पेल्यामागे वाचतात ९ कॅलरी. तेवढ्यासाठी त्याच्या गोठ्यातले ताजे दूध सोडवण्यात काही हशील नाही.

टोन्ड दुधाचा जन्म महाराष्ट्रातला आहे आणि त्याचा वजन कमी करण्याशी संबंध नव्हता, हेही आपल्या लक्षात असावे. मुंबईच्या दूधपुरवठ्याची धुरा वाहणाऱ्या दारा खुरोडी यांनी १९४६ साली हे दूध आणले. शहराला दूध पुरत नव्हते आणि म्हशीचे दूध गरिबाला परवडत नव्हते. त्यांनी म्हशीच्या घट्ट दुधात पाणी आणि स्निग्धांश काढलेल्या दुधाची भुकटी मिसळली. मेद खाली आला, पण प्रथिने, दुधातली साखर आणि कॅल्शियम यांचे प्रमाण टिकले, आणि तेवढ्याच म्हशींच्या दुधात कितीतरी जास्त घरांचे भागू लागले. व्हर्गिस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. स्वयंपाकघरात पाणी घालून केलेले 'लो फॅट' आणि खुरोडींचे टोन्ड यांतला फरक इथेच आहे. नुसत्या पाण्याने मेदाबरोबर प्रथिनेही विरळ होतात. डाएटवर असलेल्या माणसाला प्रथिनांची गरज जास्त असते, कारण कमी खाताना चरबीसोबत स्नायूही झिजतात. ज्वारीची भाकरी आणि वरणाच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या बाईच्या दुधात आपण पाणी वाढवायला सांगणार असू, तर ते वजन कुठून कमी होईल याचा विचार करावा.

सुट्ट्या दुधाचे फॅट कसे कळणार, असे शहरातला सहकारी विचारेल. उमरगा तालुक्यात याचे उत्तर रुग्णाच्या खिशात असू शकते. घरी जनावर असेल आणि दूध संकलन केंद्रावर जात असेल, तर रोजच्या पावतीवर लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घनपदार्थ) आणि दर छापलेले असतात. गायीच्या दुधाचा भाव साडेतीन फॅट-साडेआठ एसएनएफवर ठरतो आणि म्हशीच्या दुधाचा सहा-नऊवर, हे इथल्या शेतकऱ्याला आपल्यापेक्षा पक्के माहीत असते. धारेच्या सुरुवातीचे दूध पातळ आणि शेवटचे घट्ट असते, हेही तो जाणतो. जो माणूस अर्धा पॉइंट फॅट कमी लागले म्हणून केंद्रावर वाद घालतो, त्याला आपण 'स्निग्धांश कमी असलेले दूध घ्या' असे मोघम का सांगावे? पावती मागावी, तिच्यावरचा आकडा वाचावा आणि त्याच्याच हिशेबात बोलावे. आहाराचा सल्ला इतक्या नेमकेपणाने समजून घेणारा रुग्ण शहरात क्वचित भेटतो.

आता सायीकडे वळू. मराठवाड्यातल्या घरात दूध तापते, निवते आणि त्यावरची साय निघते. ती साठते, तिला विरजण लागते, मग घुसळण, लोणी आणि तूप. म्हणजे प्यायच्या दुधातला बराच मेद आधीच निघालेला असतो. हिशेब करून पाहा. रोज एक लिटर ६ टक्के फॅटचे दूध येत असेल, तर महिन्याला १८०० ग्रॅम मेद घरात येतो. सायीवाटे त्यातला निम्मा निघाला असे धरले, तरी महिन्याला जवळपास किलोभर तूप होते. हे तूप घराबाहेर जात नाही. ते वरणभातावर पडते, गरम भाकरीवर पडते, पुरणपोळीवर पडते. म्हणून दूध कोणते, या प्रश्नाआधी एक प्रश्न विचारायला हवा: "ताई, साय कुठं जाते?" उत्तर बहुतेक वेळा सरळ येते: "तूप करते की." मग तूप कोण खाते, किती चमचे, कशावर, हे विचारता येते. पाच ग्रॅमचा एक चमचा तूप म्हणजे ४५ कॅलरी. दोन वेळच्या जेवणात दोन चमचे घेणाऱ्या बाईने दुधाची साय कितीही काटेकोरपणे काढली, तरी तिच्या ताटात ती परत आलेलीच असते. तूप वाईट असे मी म्हणत नाही. ते मोजात आलेच पाहिजे, एवढेच म्हणणे आहे. २०२४ च्या आयसीएमआर-एनआयएनच्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात दूध-दह्याला ३०० मिली आणि वरून घेतलेल्या तेल-तुपाला २७ ग्रॅम इतकी जागा आहे. शेंगदाण्याची चटणी आणि फोडणीचे तेल यांनी ती जागा आधीच भरलेली असेल, तर तुपासाठी काय उरते हे रुग्णासमोर बसून मांडावे.

दुसरा मुद्दा चहाचा. आपल्या भागात मोठ्या माणसांपैकी पेलाभर दूध पिणारे किती? बहुतेकांचे दूध चहातूनच जाते. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचे उमरगा हे चहावर चालणारे गाव आहे: बसस्थानक, आडत, कोर्ट-कचेरी, दवाखान्याबाहेरची टपरी. घरच्या एका कपात ५० मिली दूध आणि दोन चमचे साखर धरू. दिवसाला चार कप म्हणजे २०० मिली दूध आणि ४० ग्रॅम साखर. दूध फुल क्रीमवरून डबल टोन्डवर आणले तर ८१ कॅलरी वाचतात. साखर निम्मी केली तर ८०. फायदा सारखाच, पण पहिल्या उपायाने चहा पांचट होतो. पांचट चहा लोक नुसता पीत नाहीत. एक तर साखर वाढते, नाहीतर सोबत बिस्किटे येतात. चार ग्लुकोज बिस्किटांत ऐंशी-शंभर कॅलरी परत येतात, त्याही मैद्याच्या आणि साखरेच्या. मला विचाराल तर चहापुरते दुधाचे फॅट तसेच राहू द्यावे आणि आधी साखरेवर, मग कपांच्या संख्येवर बोलावे. मधुमेही रुग्णाच्या बाबतीत तर हा क्रम बदलूच नये. साय काढल्याने दुधातली साखर कमी होत नाही. स्किम्ड दुधातही लॅक्टोज तेवढेच, पाचेक टक्क्यांच्या आसपास असते. 'फॅट नाही म्हणजे शुगरला चालते' हा समज रुग्णांत आहे आणि आपल्यातल्या काहींनीही तो खोडलेला नाही.

मग संशोधन काय सांगते? इथे दोन्ही टोकांचे आवाज मोठे आहेत. अमेरिकेत १९७७ मध्ये सिनेटच्या समितीने सायीच्या दुधाऐवजी बिनसायीचे दूध घ्या असे सांगितले आणि जगभरच्या तक्त्यांत ते उतरले. पुढे २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्युअर अभ्यास आला. २१ देशांतले, भारतासह, एक लाख छत्तीस हजारांवर लोक आणि सरासरी नऊ वर्षांचा पाठपुरावा. दुग्धपदार्थ जास्त घेणाऱ्यांत, पूर्ण स्निग्धांशाचे घेणाऱ्यांतही, मृत्यू आणि हृदयविकाराच्या मोठ्या घटना कमी दिसल्या. त्यानंतर 'साय खा, काही होत नाही' असे सांगणारे वाढले. हा निरीक्षणात्मक अभ्यास होता. आपल्यासारख्या देशात ज्या घरी रोज दोनदा दूध येते, त्या घरी बाकीचेही बरेच काही बरे असते. मुलांबद्दलचा २०२० चा आढावाही असाच वाचावा लागतो: २८ अभ्यास, जवळपास २१ हजार मुले, आणि सायीचे दूध पिणाऱ्यांत स्थूलतेची शक्यता ३९ टक्क्यांनी कमी. पण बारीक मुलाला आई सायीचे दूध देते आणि गुटगुटीत मुलाचे कमी करते, हे आपण रोज पाहतो. त्यात कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे अशा अभ्यासातून ठरत नाही.

यादृच्छिक चाचण्यांचा निर्वाळा जास्त कामाचा आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या २९ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात एवढेच दिसले की, एकूण कॅलरी कमी केलेल्या असताना आहारात दुग्धपदार्थ असतील तर वजन आणि चरबी कमी व्हायला थोडी मदत होते. कॅलरी न मोजता नुसते दूध वाढवले तर वजनाला उपयोग होत नाही. डाएटवरच्या माणसाचे दूध बंद करणारे आणि दुधाने चरबी वितळते म्हणणारे, दोघांनाही यातून उत्तर मिळते.

याचा अर्थ फॅटचा आकडा सर्वांसाठी गौण आहे असा कुणी घेऊ नये. दुधातल्या मेदाचा साधारण साठ टक्क्यांहून जास्त भाग संतृप्त असतो. १५०० कॅलरींच्या आहारात दहा टक्क्यांच्या मर्यादेने संतृप्त मेदाला सोळा-सतरा ग्रॅम एवढीच जागा मिळते. रोज ३०० मिली फुल क्रीम दूध पिणारा त्यातले अकरा-बारा ग्रॅम दुधातच संपवतो. डबल टोन्डमध्ये हाच आकडा तीनच्या आत राहतो. ज्याचे एलडीएल वाढलेले आहे, ज्याला एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, जो खरोखर पेल्याने दूध पितो, दह्याची वाटी घेतो, त्याच्याशी या बाबतीत मुलाहिजा नको. त्याला डबल टोन्ड, किंवा सुट्टे दूध असेल तर तापवून, फ्रीजमध्ये ठेवून, वरचा थर पुरता काढून घेतलेले दूध, असे स्पष्ट लिहून द्यावे. सायीबरोबर अ आणि ड जीवनसत्त्वेही जातात. म्हणून पिशवी घेणाऱ्याला तिच्यावर फोर्टिफिकेशनचे 'अधिक एफ' हे चिन्ह पाहायला सांगावे. २०१८ च्या नियमांनुसार अशा दुधाच्या लिटरमध्ये अ जीवनसत्त्व २७० ते ४५० मायक्रोग्रॅम आणि ड जीवनसत्त्व ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम असते.

आणि ताक. लोणी काढून उरलेले, मीठ-जिरे घातलेले ताक या भागात उन्हाळाभर पोटात जाते. कमी स्निग्धांशाचे दूध म्हणून आपण जे शहरी दुकानातून शोधायला लावतो, ते या घरांत शतकानुशतके घुसळले जाते आहे. दुपारच्या चहाऐवजी पेलाभर ताक हा बदल उमरग्यातल्या रुग्णाला पटवावा लागत नाही. फक्त ते लोणी काढलेले ताक हवे. सायीचे दही नुसते पाणी घालून घुसळले आणि लोणी काढलेच नाही, तर मेद पेल्यातच राहतो.

शेवटची गोष्ट मला सगळ्यांत निकडीची वाटते. घरात एकजण डाएटवर गेला की दूध सगळ्यांचेच बदलते, कारण पातेले एकच असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २३.४ टक्के स्त्रिया अतिवजनाच्या किंवा स्थूल होत्या, तर २०.८ टक्के गरजेपेक्षा बारीक होत्या. पाच वर्षांखालच्या ३५ टक्के मुलांची वाढ खुंटलेली होती. ही दोन टोके पुष्कळदा एकाच छताखाली असतात. सुनेचे वजन उतरावे म्हणून आणलेले डबल टोन्ड दूध दीड वर्षाच्या बाळाच्या वाटीत आणि अंगावर मांस नसलेल्या सासूबाईंच्या कपात जाते, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला स्निग्धांश काढलेले दूध देऊ नये. त्याच्या मेंदूच्या आणि शरीराच्या वाढीला तो मेद लागतो. तेव्हा पुढच्या महिन्यात तक्ते छापायला टाकताना 'लो फॅट दूध, १ कप' ही ओळ काढा. तिच्या जागी दुधाचे फॅट, दिवसाचे मिली, चहातल्या साखरेचे चमचे आणि घरच्या तुपाचे चमचे यांसाठी चार रिकाम्या जागा ठेवा आणि त्या रुग्णासमोर हाताने भरा. खाली ठळक अक्षरांत छापा: हे दूध फक्त या रुग्णासाठी आहे, घरातल्या लहान मुलांचे दूध बदलू नये.