उल्लेखांची मोजणी आणि गटारातला वायू

वर्षातून एकदा वृत्तपत्रांत एक ठरावीक बातमी येते. अमुक महाविद्यालयातील प्राध्यापकांचा जगातील आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांत समावेश. सोबत शाल, श्रीफळ आणि प्राचार्यांसह छायाचित्र. प्राध्यापक पदार्थविज्ञानाचे असले आणि विषय 'नॅनोपदार्थांवर आधारित वायुसंवेदक' असला, तर पुढे आकडे येतात: इतके शोधनिबंध, इतकी सायटेशन्स, इतका एच-निर्देशांक. संवेदकाने कोणता वायू ओळखला, कुठल्या हवेत ओळखला, किती दिवस ओळखत राहिला, हे मात्र अशा बातमीत आम्हांस आजवर आढळलेले नाही.

विषय खरे तर मोठा देखणा आहे. 1962 साली जपानमध्ये क्यूशू विद्यापीठातील सेइयामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जस्ताच्या ऑक्साइडचा पातळ थर वायूच्या सान्निध्यात आपली विद्युतवाहकता बदलतो, हे दाखवले. त्याच वर्षी नाओयोशी तागुची यांनी कथिलाच्या ऑक्साइडच्या संवेदकासाठी पेटंटचा अर्ज केला. तत्त्व साधे आहे. तापवलेल्या ऑक्साइडच्या पृष्ठभागावर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि त्यातले इलेक्ट्रॉन अडवून धरतो. ज्वालाग्राही वायू आला की त्या ऑक्सिजनशी त्याची अभिक्रिया होते, इलेक्ट्रॉन मोकळे होतात, रोध घटतो, घंटा वाजते. पुढे 1991 मध्ये यामाझोए यांच्या गटाने दाखवले की कथिलाच्या ऑक्साइडचे कण सुमारे सहा नॅनोमीटरहून लहान झाले, की संवेदनशीलता एकदम वाढते. 'नॅनो'चा सोस निव्वळ फॅशन नव्हे, हे एवढ्यासाठी सांगितले.

या संवेदकाचा जुना दोष म्हणजे त्याला निवड जमत नाही. स्वयंपाकाचा गॅस असो, मद्याची वाफ असो, कार्बन मोनॉक्साइड असो, रोध घटतोच. दमट हवेत तो आणखी गोंधळतो.

सायटेशन हाही नेमका असाच संवेदक आहे. कोणी कौतुकाने उल्लेख केला, कोणी खोडून काढण्यासाठी केला, कोणी प्रस्तावनेत दहा नावांच्या रांगेत बसवला, कोणी परीक्षकाने सुचवले म्हणून घातला, कोणी स्वतःचाच केला. काटा प्रत्येक वेळी तेवढाच पुढे सरकतो. (मराठी ग्रंथव्यवहारात परस्परांना प्रस्तावना लिहून देण्याची प्रथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे नवे वाटू नये.) आणि गंमत पाहा. यूजीन गारफिल्ड यांनी 1955 मध्ये उल्लेखसूचीची कल्पना मांडली, तेव्हा एखाद्या निबंधावर पुढे काय टीका झाली हे वाचकाला सापडावे, चुकीची माहिती डोळे मिटून उद्धृत होऊ नये, हा त्यांचा एक प्रमुख हेतू होता. वाचनासाठी केलेले साधन आपण न वाचण्याची सोय म्हणून वापरतो. हर्श यांनी 2005 मध्ये एच-निर्देशांक दिला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमांनी प्राध्यापकांच्या बढत्या गुणांच्या कोष्टकात बसवल्या. दोन टक्क्यांच्या यादीत तर स्वतःचे उल्लेख वगळून काढलेला क्रमही असतो. तो छापण्याचे कोणाला सुचत नाही.

यावर उत्तर ठरलेले आहे: मूलभूत संशोधनाकडे उपयोगाचा तगादा लावू नये. मान्य. परंतु उपयोगाचा विषय आम्ही काढलेला नाही. अशा निबंधांचा पहिला परिच्छेद उघडून पाहावा. विषारी वायू, कामगारांची सुरक्षितता, मानवी आरोग्य यांच्याच नावाने तिथे आरंभ होतो. ज्याने कामगाराचे नाव घेतले, त्याला कामगाराबद्दल विचारणे हा अन्याय कसा?

तो कामगार कुठे आहे, हे आपण जाणतो. गटारात हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असताना त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण दशलक्षात शंभर भागांच्या आसपास गेले की नाक बधिर होते आणि वास गेल्यासारखा वाटतो. वास गेला म्हणून माणूस खाली उतरतो. प्रमाण हजाराच्या घरात असेल, तर दोनचार श्वासांत कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेलाही. सुरक्षा साधनांविना असे उतरवण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे, तरी मृत्यू थांबलेले नाहीत. वायू मोजणारी विद्युतरासायनिक उपकरणे बाजारात मिळतात. ती त्या झाकणापाशी नसतात, हा दोष प्रयोगशाळेचा नव्हे, हे आम्ही निःसंशय मान्य करतो. परंतु स्वस्त आणि टिकाऊ संवेदकाचे वचन प्रयोगशाळेनेच दिले होते. बंद पेटीतल्या कोरड्या हवेत, मोजून सोडलेल्या एकाच वायूवर मिळालेला प्रतिसाद त्या ओल्या, मिथेन आणि अमोनियाने भरलेल्या भोकात टिकतो का, ही कसोटी कंटाळवाणी असते, महिनोन्‌महिने चालते. नवे मिश्रण, नवा आकार, नवा निबंध हे त्याहून लवकर होते. जो संशोधक एकाच संवेदकापाशी दोन वर्षे बसून तो दमट हवेत का बिघडतो हे शोधेल, तो कोष्टकात मागे पडेल. आमचे भांडण आहे ते त्या कोष्टकाशी.

नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाचे काम जोखू नये, असे सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने 2012 मध्येच म्हटले. निवड समित्यांनी एवढे करून पाहावे: उमेदवाराचे त्यानेच निवडलेले तीन निबंध मागवावेत, मुलाखतीपूर्वी ते खरोखर वाचावेत, आणि विचारावे की नव्वद टक्के आर्द्रतेत काय झाले, सहा महिन्यांनी काय झाले, शेजारी दुसरा वायू असताना काय झाले. आणि अर्जातला एच-निर्देशांकाचा रकाना तूर्त काढून टाकावा.