घाव बदला, शब्द नव्हे

प्रसंग क्षुल्लक आहे. पण ज्या प्रश्नाविषयी लिहायचे आहे तो अशाच क्षुल्लक प्रसंगांत निकालात निघत असतो, म्हणून सांगतो. एका मित्राच्या घरी आम्ही पाच जण 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळत होतो. हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो, ते पात्र काय करते हे तोंडाने सांगतो, आणि त्याचा निकाल नियम व फासे यांच्यावर ठरतो. उरलेले सगळे जग, म्हणजे गावे, भुयारे, शत्रू आणि त्यांची मने, ज्याच्या हाती असते त्याला डंजन मास्टर म्हणतात.

आमच्यातील सर्वांत नवखी खेळाडू त्या दिवशी मन लावून ऐकत होती. गावातल्या एका पात्राने जुन्या थडग्यांचा उल्लेख केला, तेव्हा तिने आपल्या तुटपुंज्या मोहरांपैकी पाच मोजून एक गदा विकत घेतली. पुढे तळघरात सांगाडे उठून उभे राहिले. तिची पाळी येण्याआधीच तलवारवाला गडी म्हणाला, "मी तलवारीची चपटी बाजू हाणतो. म्हणजे ठेचणारी इजा धरू या ना?" डंजन मास्टर उदार मनाचा. तो म्हणाला, "धरू या." सांगाडे पडले, सगळे हसले, आणि गदा कमरेलाच राहिली. त्यानंतर त्या खेळाडूने गावातल्या कुणाचे बोलणे वहीत टिपून ठेवल्याचे मी पाहिले नाही.

प्रस्तुत लेख त्या 'धरू या'च्या विरोधात आहे.

या खेळात शस्त्राने होणारी इजा तीन प्रकारची मानली जाते: कापणारी, भोसकणारी आणि ठेचणारी. तलवार कापते, भाला भोसकतो, गदा ठेचते. बहुतेक शत्रूंना या भेदाचे सोयरसुतक नसते, काहींना असते. सांगाड्याला ठेचणारी इजा दुप्पट लागते. 'ब्लॅक पुडिंग' नावाच्या काळ्या लगद्यावर तलवार चालवली तर त्याला इजा तर होत नाहीच, उलट त्याचे दोन लगदे होतात.

हा भेद कुणा कारकुनाने तक्ता भरण्यासाठी काढलेला नाही. या खेळाचा पूर्वज म्हणजे १९७१ चा 'चेनमेल' हा युद्धखेळ. त्यात कोणते शस्त्र कोणत्या चिलखतावर किती चालते याचा स्वतंत्र तक्ता होता. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये आला. १९७८ च्या प्रगत नियमपुस्तकात शस्त्र विरुद्ध चिलखत हा हिशेब पुन्हा अवतरला, आणि १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याला आजचे तीन प्रकार मिळाले. पुढे चिलखताचा हिशेब किचकट म्हणून गळाला, प्रकार मात्र राक्षस-सांगाड्यांपुरते उरले. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने तेही काढून टाकले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ते परत आणावे लागले. जे दोनदा टाकून दिले आणि दोनदा परत आले, त्याला केवळ सजावट म्हणणे धाडसाचे आहे.

या वादात दोन पक्ष आहेत. पहिला पोथीनिष्ठांचा. त्यांच्या मते तक्त्यात तलवारीपुढे 'कापणारी' लिहिले आहे, तेव्हा तलवार कापते; विषय संपला. हा पक्ष मला पटत नाही, कारण तो इतिहासाशी खोटे बोलतो. पंधराव्या शतकातील युरोपीय तलवारबाजीचे जे सचित्र ग्रंथ आज उपलब्ध आहेत, त्यांत इटलीच्या फियोरे देई लिबेरीचा आणि जर्मनीच्या हान्स तालहोफरचा हे प्रसिद्ध आहेत. तालहोफरच्या चित्रांत योद्धा तलवार उलटी धरतो: दोन्ही हात पात्यावर, आणि मुठीचा गोळा व आडवा दांडा हातोड्यासारखा शत्रूच्या डोक्यावर. या घावाला जर्मनमध्ये 'मोर्डहाउ' म्हणत. पोलादी पत्र्याचे चिलखत तलवारीच्या धारेला दाद देत नाही, हे ज्याला कळले त्याने हा उपाय काढला. म्हणजे तलवार ठेचू शकते. प्रकार हा हत्याराचा गुण नाही, तो घावाचा गुण आहे. तक्ता एवढेच सांगतो की या हत्याराचा नेहमीचा घाव कोणता.

दुसरा पक्ष उदारमतवाद्यांचा. सध्या चलती यांची आहे. त्यांचा युक्तिवाद वरकरणी निरुपद्रवी आहे: प्रकार म्हणजे एक चिठ्ठी, ती बदलल्याने कुणाचे काय जाते? फासा तोच, आकडा तोच, आणि खेळाडू खूश. शिवाय असे प्रसंग येतात तरी किती?

कुणाचे काय जाते, हे आकड्यांतच पाहू. पाचव्या आवृत्तीतील सांगाड्याची प्राणशक्ती १३. समजा, दोन्ही योद्ध्यांचे बळ सारखे, म्हणजे इजेत ३ ची भर घालणारे. एका हातातील लांब तलवारीचा फासा आठ बाजूंचा. साध्या घावात जास्तीत जास्त इजा ११. म्हणजे एका साध्या घावात सांगाडा पडणे अशक्य. गदेचा फासा सहा बाजूंचा, पण इजा दुप्पट. फाशावर ४ किंवा अधिक पडले की सांगाडा कोसळतो, म्हणजे दोहोंत एकदा. आता तलवारीला 'ठेचणारी' म्हणा: आठांपैकी पाच वेळा सांगाडा एका घावात आडवा. गदेसाठी जी एकमेव जागा राखली होती, तेथे तलवार गदेपेक्षा सरस ठरली, आणि हे सारे एका वाक्याच्या मोबदल्यात. तलवारवाला जे फुकट घेतो ते कुणीतरी विकत घेतलेले असते. आमच्या मेजावर ते पाच मोहरांना घेतले होते.

२०१४ च्या नियमांत लांब तलवार, युद्धकुऱ्हाड आणि युद्धहातोडा यांचे फासे व गुण अगदी एक आहेत. किंमत आणि वजन सोडले तर त्यांच्यातला एकमेव भेद इजेच्या प्रकाराचा. प्रकार तोंडी बदलता येत असेल, तर ही तीन शस्त्रे नाहीत. तीन नावांचे एकच शस्त्र आहे. २०२४ च्या सुधारित नियमांत या तिघांना वेगवेगळी कौशल्ये देऊन हा दुबळेपणा झाकला गेला. पण झाकावा लागला, यातच काय ते आले.

प्रसंग क्वचित येतो, हे खरे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. ज्या जगात दहांपैकी नऊ शत्रू कोणत्याही हत्याराने सारखेच मरतात, तेथे दहाव्याचे 'नाही' हेच त्या जगाचे अस्तित्व. खेळाडूच्या इच्छेला अडवणारे काही नसेल, तर जे उरते ते जग नव्हे, आरसा आहे.

आपल्याला तर हे परक्याने सांगण्याची गरज नाही. हिरण्यकशिपूचा वर आठवा: माणसाकडून नाही, पशूकडून नाही, दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, अस्त्राने नाही, शस्त्राने नाही. विष्णूने चक्र उचलून 'आज हे शस्त्र नव्हे असे धरू या' असे म्हटले नाही. तो नरसिंह झाला, संध्याकाळची वाट पाहिली, उंबरठा गाठला आणि नखे वापरली. कथा जी आहे ती या खटाटोपात आहे. अटी माफ केल्या तर कथा उरत नाही. भीमाने दुर्योधनाची मांडी फोडली तेव्हा त्याने गदायुद्धाचा नियम मोडला, हेही खरे. पण बलराम नांगर उगारून धावला, आणि तो बोल भीमाच्या माथी कायमचा राहिला. नियम मोडता येतो. फुकट मोडता येत नाही.

गंमत अशी की आपला राक्षस या खेळातही आहे. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये तो वाघाच्या तोंडाचा येतो, आणि क्रॉसबोच्या अभिमंत्रित बाणाने मरतो. ही कल्पना पुराणांतली नव्हे; तिचे मूळ 'कोल्चॅक' या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेच्या १९७४ च्या एका भागात आहे. पुढे क्रॉसबोचे नाव पुसट झाले. पण २००३ च्या नियमांत राक्षसाला पुण्यमय आणि भोसकणारेच शस्त्र लागे, आणि २०१४ मध्येही सज्जनाच्या हातातील जादूच्या भोसकणाऱ्या शस्त्राचे त्याला भय आहे. चाळीस वर्षांत सारे बदलले, आणि त्या बाणाची आठवण टिकली ती 'भोसकणारी' या एका शब्दात. ज्याला चिठ्ठी म्हणून फाडायला आपण निघालो आहोत, तिच्यावर कधीकधी कथा लिहिलेली असते.

उदारमतवाद्यांचा एक मुद्दा मात्र मान्य केला पाहिजे. कुणाला आपल्या पात्राच्या हाती वाघनखे हवी असतील आणि नियमपुस्तकात ती नसतील, तर खंजिराचे आकडे घेऊन इजा कापणारी ठरवावी. यात काहीही गैर नाही. खुद्द २०१४ च्या मार्गदर्शिकेत लांब तलवारीला कटाना म्हणण्याची सोय आहे. पण हे ठरते खेळाआधी, सर्वांसमक्ष, आणि मग ते त्या पात्राला बांधून राहते. ब्लॅक पुडिंग समोर आला की वाघनखांची पंचाईत होते, आणि व्हायलाच हवी. व्याख्या करणे वेगळे, आणि गरज पडली की व्याख्या फिरवणे वेगळे.

मग तलवारवाल्याने काय करावे? त्याने घाव बदलावा. तलवार उलटी धरतो असे सांगावे. दोन्ही हात पात्यावर म्हणून ढाल सोडावी, म्हणजे बचावाचे दोन गुण गेले. फासा आठाऐवजी सहाचा घ्यावा. आणि पुढच्या पाळीपर्यंत तलवार सरळ करता येणार नाही हे मान्य करावे. आता सांगाड्यापुढे तो गदेच्या बरोबरीने उभा आहे, पण उघड्या अंगाने. गदावालीच्या हातात ढाल अजून आहे. दोघांचीही निवड शाबूत राहिली. हा काही माझा शोध नव्हे. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत धारदार शस्त्राने जीव न घेता मारायचे, तर नेम साधण्यात ४ चा तोटा सोसावा लागे. २०१९ च्या 'पाथफाइंडर'मध्ये लांब तलवार कापते आणि भोसकतेही, कारण ती खरोखरच दोन्ही करते. पण ज्या शस्त्राची रचनाच बदलावी लागते, त्यासाठी खेळाडूची एक कृती खर्ची पडते. पोथीनिष्ठ बदल होऊ देत नाहीत, उदारमतवादी तो वाटत सुटतात. या नियमांनी त्याला किंमत लावली.

शेवटी, डंजन मास्टरविषयी. 'धरू या' म्हणताना त्याला वाटते की आपण औदार्य दाखवले. औदार्य स्वतःच्या थैलीतून दाखवायचे असते. त्याने दिले ते दुसऱ्या खेळाडूच्या थैलीतले होते: तिचे लक्ष, तिचा अंदाज, तिच्या पाच मोहरा. मेजावर सर्वांत मोठ्याने बोलणारा नेहमी काहीतरी मागत असतो. ज्याने आधी विचार केला तो बहुधा गप्प असतो, कारण त्याला वाटते की नियम आपल्या वतीने बोलेल. त्या दिवशी नियम बोलला नाही. पुढच्या खेपेस तो बोलावा, एवढ्यासाठी हा खटाटोप.